मास्क कुणाचा? दिवाळी अंकाच्या सर्व्हरवरचं एक एसीएल प्रकरण

सप्टेंबरातला सोमवार, सकाळचे साडेनऊ. बाईंचा फोन आला. बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. या अंकाची प्रूफं त्याच वाचतात आणि सगळं कार्यालय त्यांना बाईच म्हणतं.

"अहो, तो प्रवासवर्णनाचा लेख यादीत दिसतोय, पण उघडायला गेलं की परवानगी नाही म्हणतंय."

"शुक्रवारी उघडत होता ना, बाई?"

"शुक्रवारी अर्धा वाचून झालाय माझा. आज काय, वर्गाबाहेर उभं केलंय का मला?"

मी हसलो. दुपारपर्यंत संपादक मॅडमचाही तोच निरोप आला, तेव्हा हसू आटपलं.

प्रकाशन छोटं, पुण्यातलं. एक लिनक्स सर्व्हर, त्यावर दिवाळी अंकाचे सगळे लेख. प्रत्येक लेखाची वेगळी डिरेक्टरी. बाहेरचे मुद्रितशोधक एसएफटीपीने जोडून घेतात, फाइल उतरवतात, दुरुस्त करून परत चढवतात. अट एकच, आणि ती रास्तही होती: ज्याला जो लेख दिलाय त्याला तेवढाच दिसावा. काही लेखकांनाही पुनर्लेखनापुरता स्वतःचा लेख उघडून द्यावा लागे.

युनिक्सची जुनी मालक-गट-इतर ही त्रयी इथे पुरत नाही. एका फाइलला गट एकच. अमुक लेख या शोधकाला आणि त्या लेखकाला, तमुक लेख दुसऱ्या जोडीला, असं करायचं तर लेखागणिक एक गट काढावा लागतो. म्हणून मी सी भाषेत एक लहानसा प्रोग्राम लिहिला होता. मॅडम लेखाचं नाव आणि माणसाचं नाव द्यायच्या, प्रोग्राम त्या डिरेक्टरीच्या आणि फाइलच्या एसीएलमध्ये, म्हणजे परवानग्यांच्या यादीत, त्या माणसाची एंट्री घालायचा. शिवाय डिरेक्टरीवर डीफॉल्ट एसीएलही लावायचा, म्हणजे आत पुढे जन्मणाऱ्या फाइलींना ती यादी आपोआप मिळावी.

पडद्यावर काय दिसलं ते इथे मराठीत उतरवतो. वाचायला वा, लिहायला ले, चालवायला चा. यादीत फाइल अशी दिसत होती: -वाले-------+. शेवटचं ते अधिकचिन्ह म्हणजे 'इथे नेहमीच्या नऊ खुणांपेक्षा जास्त काहीतरी आहे' अशी सूचना. नऊ खुणा म्हणजे मालक, गट, इतर यांच्या तीन-तीन. गेटफॅकलने, म्हणजे एसीएल दाखवणाऱ्या आदेशाने, आतली यादी उघडली:

मालक: रचना
गट: डीटीपी
वापरकर्ता::वाले-
वापरकर्ता:शोधक३:वालेचा    प्रत्यक्षात:---
गट::वा-चा    प्रत्यक्षात:---
मास्क::---
इतर::---

शोधक३ म्हणजे बाई. त्यांच्या नावापुढे तिन्ही हक्क लिहिलेले आहेत आणि त्याच ओळीत पुढे लिहिलंय की प्रत्यक्षात काहीच नाही. ही सगळी करामत मास्क नावाच्या ओळीची.

या ओळीमागे थोडा इतिहास आहे. एसीएलचं प्रमाणीकरण पॉसिक्सच्या, म्हणजे युनिक्ससारख्या प्रणालींच्या प्रमाणाच्या, १ई या मसुद्यात व्हायचं होतं. सतरावा मसुदा १९९७ मध्ये आला आणि मग ते काम सोडून दिलं गेलं. प्रमाण झालंच नाही, तरी लिनक्स आणि फ्रीबीएसडी दोघांनीही त्याच अर्धवट मसुद्यावर आपापली घरं बांधली. लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, हे २.६ पासून आहे आणि प्रोग्राम लिहिणाऱ्याची गाठ लिबएसीएल या लायब्ररीशी पडते. मसुदा लिहिणाऱ्यांपुढे खरी अडचण होती ती जुन्या प्रोग्रामांची. एसीएल म्हणजे काय हे ज्यांना माहीतच नाही असे हजारो प्रोग्राम चमॉड करतात, म्हणजे परवानग्या बदलतात, ०६०० देऊन फाइल उघडतात. सुरुवातीच्या शून्यानंतरचे तीन आकडे मालक, गट, इतर यांचे; सहा म्हणजे वाचन-लेखन, शून्य म्हणजे काही नाही. 'माझ्याशिवाय कुणाला नको' एवढंच त्यांना म्हणायचं असतं. नव्या यादीतल्या नावांना हे जुनं बोलणं लागू करायचं कसं?

उत्तर मास्क. यादीत मालक आणि इतर सोडून जेवढे आहेत, म्हणजे नावानिशी घातलेली माणसं, फाइलचा गट आणि नावानिशी घातलेले गट, त्या सगळ्यांवरची कमाल मर्यादा म्हणजे मास्क. एंट्रीत काहीही असो, मास्कमध्ये नसेल तर मिळत नाही. आणि फाइलला एकदा मास्क लागला की नऊ खुणांमधल्या मधल्या तीन गटाच्या राहत नाहीत. तिथे मास्क दिसतो आणि चमॉड केलं की मास्कच बदलतो. चाळीच्या मुख्य दरवाजासारखं आहे हे. खोलीची किल्ली खिशात आहे, पण खालचा दरवाजाच लावलेला असेल तर तिचा उपयोग काय?

आता हा दरवाजा लावला कुणी? डीटीपीवाल्या मुलाने शनिवारी जुन्या फाँटातला मजकूर युनिकोडात आणणारी स्क्रिप्ट चालवली होती. स्क्रिप्ट तशी शहाणी. मूळ फाइलवर थेट लिहीत नाही. त्याच डिरेक्टरीत एमकेएसटेम्पने तात्पुरती फाइल काढते, तिच्यात सगळं लिहून झालं की रिनेमने जुन्या नावावर आणून ठेवते. मध्येच वीज गेली तर अर्धी फाइल हाती राहू नये म्हणून सगळे चांगले प्रोग्राम असंच करतात. पण एमकेएसटेम्प फाइल ०६०० ने काढतं. डिरेक्टरीवर डीफॉल्ट एसीएल असेल तर कर्नल यूमास्क, म्हणजे नव्या फाइलीच्या परवानग्या कापणारी नेहमीची सेटिंग, बघतच नाही. ती यादी नव्या फाइलला चिकटवतो आणि मागितलेल्या मोडशी ताडून मालक, मास्क आणि इतर या तीन ओळी कापतो. ०६०० मधला गटाचा आकडा शून्य, म्हणून मास्क शून्य. बाईंचं नाव जागेवर, हक्क गायब. कर्नल इथे चुकला नाही. त्याला सांगितलं होतं 'माझ्याशिवाय कुणाला नको', त्याने तेच केलं.

मॅडम का अडकल्या ते वेगळंच निघालं. जुनी फाइल त्यांच्या मालकीची होती, म्हणून यादीत त्यांची स्वतंत्र एंट्री कधी घातलीच नव्हती. मालकाला कशाला हवी? रिनेमनंतर त्या नावाखाली नवी फाइल आली आणि तिचा मालक झाला स्क्रिप्ट चालवणारा मुलगा (वरच्या यादीतलं 'रचना' हे त्याचं खातं). यादीतली मालकाची ओळ कुणा व्यक्तीची नसते, जो मालक असेल त्याची असते. गटही बदलून डीटीपी झालेला, मॅडम त्या गटात नाहीत. म्हणजे त्या सरळ 'इतर' मध्ये जाऊन पडल्या. आपल्याच अंकात इतर!

मुलाने स्वतःच एक उपाय केला होता, बाईंच्या लेखापुरता. चमॉड ६६०. त्याने मास्क वाचन-लेखनाचा झाला आणि बाईंचं काम सुरू झालं. मला मात्र हे लेखागणिक हाताने करणं पटेना. इथे मी जे केलं ते सांगायला जरा लाज वाटते, पण प्रकरण खरं तर त्याचंच आहे.

मी रात्री दोन वाजता चालणारं एक दुरुस्तीचं काम क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या यंत्रणेत, टाकलं. सगळे लेख फिरून यायचे, मालकी मॅडमकडे परत द्यायची आणि प्रत्येक फाइलचा मास्क नव्याने मोजायचा. लिबएसीएलमध्ये त्यासाठी तयार फंक्शन आहे, एसीएल_कॅल्क_मास्क. मास्कखाली येणाऱ्या सगळ्या एंट्र्यांची बेरीज करून तेवढा मास्क ते ठेवतं. सेटफॅकल हा एसीएल बदलणारा आदेशही एंट्री घालताना आपणहून हेच करतं, तुम्ही नको म्हटलं नाहीत तर. म्हणजे सगळं रूढ, पुस्तकी.

मध्ये एक किरकोळ धडपड झाली. यादीतल्या ओळी एकेक करून वाचणारं एसीएल_गेट_एंट्री हे फंक्शन ओळ मिळाली तर १ देतं, संपल्या तर ०, चूक झाली तर उणे १. युनिक्समध्ये जन्म गेलेल्या माणसाचा हात 'शून्य म्हणजे यश' असंच लिहितो. माझा लूप एकदाही आत गेला नाही, बाई यादीत आहेत हे त्याला कळलं नाही, आणि त्याने बाईंची दुसरी एंट्री तयार केली. लिहिण्याआधी एसीएल_व्हॅलिड बोलवायची सवय होती म्हणून निभावलं; एकाच माणसाच्या दोन ओळी म्हटल्यावर त्याने यादी अवैध ठरवली. नुसतं अवैध म्हणून काही उमगत नाही, त्यापेक्षा एसीएल_चेक बोलवावं: कितवी ओळ आणि कोणता दोष, दोन्ही सांगतं. असो.

दुसऱ्या दिवशी सकाळी टर्मिनलमध्ये सगळे लेख हिरवे दिसायला लागले. यादीचा आदेश चालवता येणाऱ्या फाइली हिरव्या दाखवतो. प्रवासवर्णन चालवता येण्याजोगं कसं झालं? डीफॉल्ट एसीएलमध्ये मी माणसांना वालेचा दिलं होतं. एरवी नवी फाइल ०६६६ ने उघडली जायची तेव्हा मास्कच तो चा कापून टाकायचा. आता मास्क बेरजेने मोजला, बेरजेत चा होता, म्हणून मास्कमध्येही आला. मी एंट्र्यांमधला चा काढून टाकला, रंग पांढरा झाला, आणि मी पुढे गेलो.

तिथेच थांबायला हवं होतं. मास्क नुसती बेरीज नसतो, काही वेळा तो मुद्दाम बेरजेपेक्षा लहान ठेवलेला असतो, हे त्या हिरव्या रंगाने मला सांगितलं होतं. मी रंग पुसला.

चार दिवसांनी मॅडमनी छापील फॉर्म माझ्यापुढे ठेवला. सोळा पानांचा फॉर्म, छापून आलेला. एका कथेच्या शेवटच्या परिच्छेदावर बोट.

"हा शेवट मी वाचलेला नाही."

"म्हणजे?"

"मी कथा अंतिम केली तेव्हा शेवट वेगळा होता. बंद करून ठेवली होती मी ती."

बंद म्हणजे काय केलं होतं, हे मी पहिल्यांदाच विचारलं. लेख अंतिम झाला की मॅडम चमॉड करून गटाचं लेखन काढत. पूर्वी कुणीतरी शिकवलं होतं, त्या वर्षानुवर्षं तेच करत होत्या, आणि ते चालतही होतं. चालत होतं कारण एसीएल असलेल्या फाइलीवर 'गटाचं लेखन काढा' याचा अर्थ 'मास्कमधलं लेखन काढा' असा होतो. म्हणजे लेखक, शोधक, सगळे एका फटक्यात वाचक. मॅडमना मास्क शब्द माहीत नव्हता, तरी त्यांनी तो माझ्यापेक्षा बरोबर वापरला होता. लेखकाच्या नावापुढे पुनर्लेखनाच्या वेळचं लेखन तसंच पडून होतं, पण मास्कमुळे निष्प्रभ.

रात्री दोन वाजता माझ्या प्रोग्रामने ते जिवंत केलं. लेखकाला फाइल उघडी दिसली, त्याने शेवट बदलला. त्याच्या बाजूने यात गैर काही नाही. सकाळी तीच फाइल पानांत बसली. आणखी एक बंद लेखही असाच उघडला होता. त्यात बाईंनी 'आशिर्वाद' चा 'आशीर्वाद' केला होता. त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

शून्य मास्क असलेली स्क्रिप्टची फाइल आणि मॅडमनी बंद केलेली फाइल, कर्नलच्या लेखी दोन्हींत तत्त्वतः काही फरक नाही. दोन्हींचा मास्क एंट्र्यांच्या बेरजेपेक्षा लहान. एक लहान झाला तो एमकेएसटेम्पच्या सावधपणामुळे, दुसरा एका माणसाने ठरवून केला म्हणून. मास्क तीन बिटांचा. तो कुणी आणि का आवळला हे त्यात मावत नाही. अशा वेळी एसीएल_कॅल्क_मास्क बोलवायचं म्हणजे दुसऱ्याचा निर्णय न वाचताच खोडायचा. फंक्शनचा यात दोष नाही. ज्या यादीत मास्क आजवर नव्हताच, त्या यादीत पहिली नावाची एंट्री घालताना तेच योग्य. जिथे मास्क आधीपासून आहे तिथे आधी वाचावा, नवी एंट्री त्यात बसते का बघावं, बसत नसेल तर थांबून विचारावं. माझ्या प्रोग्रामने पहिल्या दिवसापासून एवढं केलं असतं तरी पुष्कळ होतं.

पण नुसतं विचारूनही भागणारं नव्हतं, कारण रात्री दोन वाजता विचारायचं कुणाला? म्हणून सगळी मांडणीच बदलली.

आता सगळ्या लेखांचा मालक एक सेवाखातं आहे, भांडार नावाचं. त्या नावाने कुणी लॉगिन करत नाही. मॅडम, डीटीपी, शोधक, लेखक, सगळे यादीत नावानिशी. मालकाची ओळ आता कुणा माणसाची नाही, त्यामुळे मालक बदलून कुणी 'इतर' मध्ये पडण्याचा प्रश्न मिटला. चमॉड आणि एसीएल बदलणं हे मालक किंवा रूट यांनाच जमतं, म्हणजे माणसांच्या हातून मास्क हलायची वाटही बंद झाली. डिरेक्टरीवर माणसांना वाचन आणि प्रवेश एवढंच, लेखन नाही. त्यामुळे आत कुणी नवी फाइल काढू शकत नाही, रिनेम करू शकत नाही. एसएफटीपीने चढवलेला मजकूर असलेल्या फाइलीतच लिहिला जातो, इनोड, म्हणजे डिस्कवरची फाइलची मूळ नोंद, तोच राहतो, यादी तीच राहते. नवा लेख दाखल करणं, परवानगी देणं, युनिकोडात आणणं, बंद करणं ही चार कामं एकाच प्रोग्रामकडे आणि तो सुडोच्या, म्हणजे दुसऱ्या खात्याच्या नावाने आदेश चालवू देणाऱ्या सोयीच्या, एका नियमाने भांडार म्हणून चालतो.

बंद करणं आता मास्कवर नाही. प्रोग्राम आधीची पूर्ण यादी एसीएल_टू_टेक्स्टने मजकुरात उतरवून बाजूला ठेवतो, मग प्रत्येक नावाच्या एंट्रीतलं लेखन प्रत्यक्ष काढतो. उघडायचं झालं तर तो मजकूर एसीएल_फ्रॉम_टेक्स्टने परत यादीत आणतो. बंद कुणी केलं, कधी केलं, तेही त्या मजकुराशेजारी. म्हणजे मास्क आता खरोखरच नुसती बेरीज आहे, कितीही वेळा मोजा, तेवढाच येतो. गेटफॅकलमध्ये 'प्रत्यक्षात' हा शेरा कुठे दिसलाच तर तो दोष समजायचा.

युनिकोडवाली स्क्रिप्ट अजूनही तात्पुरती फाइल काढून रिनेमच करते, ती सवय मला मोडायची नव्हती. फक्त रिनेमच्या आधी जुन्या फाइलच्या डिस्क्रिप्टरवरून, म्हणजे उघडलेल्या फाइलच्या क्रमांकावरून, एसीएल_गेट_एफडीने यादी घेते आणि नव्यावर एसीएल_सेट_एफडीने लावते. त्यानंतर एफचमॉड करायचं नाही! मी पहिल्या खेपेला ते केलं होतं, ०६०० नीटनेटकं दिसावं म्हणून, आणि नुकताच लावलेला मास्क स्वतःच्या हाताने शून्य केला होता. मार्गाऐवजी डिस्क्रिप्टर वापरायचं कारण साधं आहे: वाचणं आणि लिहिणं यांच्यामध्ये त्या नावाखाली दुसरीच फाइल आली तर तिची यादी बिघडायला नको. डीफॉल्ट एसीएलला मात्र ही सोय नाही, ती डिरेक्टरीच्या मार्गानेच लावावी लागते. आणि वाचा-बदला-लिहा हे तीन टप्पे कर्नल एकसंध मानत नाही. दोन परवानग्या एकाच क्षणी दिल्या तर दुसरी पहिलीला पुसते. म्हणून त्या डिरेक्टरीवर आधी फ्लॉक, म्हणजे कुलूप, घेतो.

झेडएफएससारख्या फाइलव्यवस्था जिथे एनएफएस चौथ्या आवृत्तीच्या धर्तीचे एसीएल वापरतात तिथे हे सगळं असंच होईल असं धरू नये. तिथे मास्क नाही, नकाराच्या वेगळ्या ओळी असतात आणि ओळींचा क्रम बघितला जातो. तो संसार निराळा.

दिवाळीनंतर, अंक बाहेर पडल्यावर, शांतपणे बॅकअप तपासायला बसलो तेव्हा शेवटचा धक्का. रात्रीचा आर-सिंक, म्हणजे फाइलींची प्रत घेणारा आदेश, नुसत्या -ए ने चालत होता आणि -ए मध्ये एसीएल येत नाहीत, त्याला मोठा ए वेगळा द्यावा लागतो. फाइलींचा गठ्ठा बांधणाऱ्या टारचंही तसंच, त्याला एसीएलचा पर्याय बांधताना आणि सोडताना दोन्ही वेळा सांगावा लागतो. यादी हरवली एवढंच असतं तर फाइली निदान जास्त बंद राहिल्या असत्या. पण आर-सिंक नऊ खुणा इमानाने नेतं, आणि मधल्या तीन खुणा म्हणजे मास्क. पलीकडे एसीएल नाही, म्हणून त्याच तीन खुणा तिथे फाइलच्या गटाच्या झाल्या. इथे गटाला फक्त वाचन आणि मास्क वाचन-लेखन. तिथे अख्ख्या गटाला लेखन. ज्या लेखांची आम्ही माणूस मोजून वाटणी केली होती, ते सगळे बॅकअपच्या डिस्कवर गटातल्या कुणालाही बदलता येत होते.

आदेशात मोठा ए घातला आणि नव्या डिस्कवर पूर्ण प्रत नव्याने घेतली. जुनी डिस्क मॅडमच्या कपाटात आहे. तिच्यावर चिठ्ठी चिकटवली आहे: 'मजकूर बरोबर, परवानग्या खऱ्या मानू नयेत.' चिठ्ठीतलं ऱ्हस्व-दीर्घ बाईंनी तपासून दिलं.